मारकडवाडीची शंका



पराभव पचवणे अवघड असते आणि विजय पचवणे त्याहून अवघड. सोलापूर जिल्ह्याने २०२४ साली अवघ्या सहा महिन्यांत या दोन्ही गोष्टी पाहिल्या. जूनमध्ये लोकसभेच्या निकालात सोलापुरातून प्रणिती शिंदे, तर माढ्यातून धैर्यशील मोहिते-पाटील विजयी झाले. राज्यातील ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीने जिंकल्या. मतदानयंत्रांवर झालेल्या त्या विजयाबद्दल शंका घ्यावी असे विजेत्यांना वाटले नाही. तसे कोणालाच कधी वाटत नाही. २३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल लागला आणि पारडे फिरले. २८८ पैकी २३० जागा महायुतीच्या पदरात पडल्या. ७ डिसेंबरला आघाडीच्या आमदारांनी शपथ घेण्याचे टाळले, दुसऱ्या दिवशी मात्र ती घेतली.

या साऱ्या रोषाचे केंद्र ठरले माळशिरस तालुक्यातील मारकडवाडी. गंमत अशी की, माळशिरसची जागा आघाडीनेच जिंकली होती. राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे उत्तमराव जानकर यांनी भाजपचे राम सातपुते यांचा १३,१४७ मतांनी पराभव केला. परंतु मारकडवाडीत सातपुते यांना १,००३ आणि जानकर यांना ८४३ मते पडली. ‘आमचे गाव असे मत देणारच नाही’, असे जानकर समर्थकांचे म्हणणे होते. मग ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेण्याचा घाट घातला गेला. प्रशासनाने जमावबंदी लागू केली, पोलीस आले, मतदान झाले नाही आणि जानकरांसह अनेकांवर गुन्हे नोंदवले गेले. ८ डिसेंबरला शरद पवार गावात आले. पाठोपाठ भाजपच्या बाजूनेही तेथे सभा झाली.

मतदान गुप्त का ठेवतात, याचा विचार या गदारोळात कोणी केला? लहान गावात कोण कोणाचा, हे सर्वांना ठाऊक असते, निदान ठाऊक आहे असे वाटते. पाण्याची पाळी, उसाची तोड, सोसायटीचे कर्ज, सोयरीक या धाग्यांनी माणूस बांधलेला असतो. पुढाऱ्यासमोर मान डोलावून, पडद्याआड आपल्या मनासारखे बटण दाबता यावे, यासाठीच तो आडोसा असतो. गावकीच्या देखत पुन्हा मत मागणे म्हणजे त्या १,००३ जणांना चावडीवर उभे करणे. त्यातले किती जण तेच मत पुन्हा देण्यास धजले असते?

मात्र शंका घेणाऱ्यांची टवाळी करण्याचा अधिकार भाजपच्या कार्यकर्त्यालाही नाही. २००९च्या लोकसभा पराभवानंतर मतदानयंत्रांवर शंका घेऊन मतपत्रिकेची मागणी करणाऱ्यांत खुद्द लालकृष्ण अडवाणी होते. सुब्रह्मण्यम स्वामी न्यायालयात गेले आणि त्यांच्याच याचिकेवर ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यंत्राला कागदी चिठ्ठीची जोड देण्याचा आदेश दिला. आज मतदाराला काचेआड काही क्षण दिसणारी चिठ्ठी ही त्या शंकेची देणगी आहे. शंका होती, पण ती न्यायासनापुढे मांडली गेली.

वाटा आजही आहेत. मतदान संपताच केंद्रावरील एकूण मतांचा सही केलेला हिशेब उमेदवाराच्या प्रतिनिधीला मिळतो. प्रत्येक मतदारसंघात पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राशी ताडतात. राज्यात अशा १,४४० यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या गेल्या आणि तफावत आढळली नाही, असे निवडणूक यंत्रणेने जाहीर केले. एप्रिल २०२४च्या निकालाने पराभूत उमेदवाराला शुल्क भरून यंत्रांची तपासणी मागण्याची सोय दिली. उच्च न्यायालयात ४५ दिवसांत निवडणूक याचिकाही करता येते. हे सारे गावोगावी समजावून सांगण्याचे काम कोणी केले नाही. जमावबंदीने गर्दी पांगते, शंका पांगत नाही. प्रशासनाने हे ओळखायला हवे होते.

राहता राहिला जिल्ह्याचा कौल. सोलापूर शहरातील तिन्ही जागा, अक्कलकोट आणि पंढरपूर भाजपकडे गेल्या. माळशिरस, माढा, करमाळा आणि मोहोळ येथे पवारांचा पक्ष, बार्शीत ठाकरे यांची शिवसेना, सांगोल्यात शेतकरी कामगार पक्ष. राज्यभर महायुतीची लाट असताना ११ पैकी सहा जागा या जिल्ह्याने विरोधकांना दिल्या, आणि त्याही त्याच यंत्रांवर.