शेवंतीच्या हरितगृहातील रात्रीचे दिवे : टायमर आणि वायरिंग



शेवंती हे लहान दिवसाचे पीक आहे. रात्र मोठी मिळाली की ती कळी धरते. पुणे भागात वर्षातील सर्वांत मोठा दिवससुद्धा सुमारे सव्वातेरा तासांचाच असतो. म्हणून दांडा पुरेसा वाढेपर्यंत रात्री १० ते २ या वेळात उजेड देऊन रात्र मधेच तोडावी लागते. लागोपाठ काही रात्री दिवे चुकले, तर आखूड दांड्यावरच कळी येते. मग खत-पाणी कितीही द्या, तो माल दांड्याच्या लांबीत बसत नाही.

दिवे चुकतात ते बहुधा टायमरमुळे. साधा मोटरवर फिरणारा टायमर वीज गेली की थांबतो. रोज दोन तास वीज गेली, तर पाच दिवसांत तो दहा तास मागे पडतो आणि रात्री १० चे दिवे सकाळी ८ ला लागतात. भर उन्हात ते कोणाच्या लक्षातही येत नाहीत! तेव्हा टायमर आत बॅटरी असलेलाच मागावा. वीज नसतानाही त्याचे घड्याळ चालू राहते. मात्र ठरल्या वेळी वीजच नसेल, तर इन्व्हर्टर किंवा जनित्राची सोय हवी.

आता भाराचे पाहू. १२ वॉटचे १५० एलईडी बल्ब म्हणजे १८०० वॉट. २३० व्होल्टला हे ८ अँपिअरपेक्षा कमी भरते. पण स्वस्त बल्बांचा पॉवर फॅक्टर ०.५ च्या आसपास असतो, त्यामुळे प्रत्यक्षात १५-१६ अँपिअर वाहतात. शिवाय सर्व बल्ब एकदम लागताना क्षणभर कितीतरी पट प्रवाह खेचला जातो. टायमरवर छापलेले १६ अँपिअर हे हीटरसारख्या भारासाठी असतात. बल्बांचा भार थेट दिल्यास त्याचे संपर्क चिकटतात आणि दिवे विझतच नाहीत.

यासाठी टायमरने फक्त कॉन्टॅक्टर ओढावा आणि दिव्यांचा भार कॉन्टॅक्टरने घ्यावा. पंपाच्या स्टार्टरमध्ये असतो तोच हा. पण जुन्या स्टार्टरचा काढून बसवू नका. त्याची कॉइल बहुधा ४१५ व्होल्टची असते. आपल्याला २३० व्होल्टची हवी.

बल्बांच्या पन्नास-पन्नासच्या तीन ओळी कराव्यात. प्रत्येक ओळीला वेगळा एमसीबी आणि २.५ चौ.मि.मी. तांब्याची वायर द्यावी. तिन्ही ओळी तीन फेजवर घेतल्यास न्यूट्रलचा जोड पक्का असलाच पाहिजे. तो सुटला तर काही बल्बांवर जादा व्होल्टेज जाऊन ते जळतात. फॉगरच्या ओलाव्यात काम करणाऱ्या माणसांसाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (ज्याला अजूनही सगळे ईएलसीबीच म्हणतात) आणि चांगले अर्थिंग यांत काटकसर नको. पेटी हरितगृहाच्या बाहेर, आडोशाला लावावी.

आठवड्यातून दोनदा तरी रात्री साडेदहाला बांधावर जाऊन दिवे लागलेत का ते पाहावे. कळी धरायला दिवे बंद करण्याची वेळ आली, की टायमरवर न विसंबता एमसीबीच खाली पाडावेत.