मुलाखतीच्या खोलीत आपली मुले काय बोलतील?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला 'शिक्षण' या विषयावर बोला असे सांगितले. विषय फार मोठा आहे. शिका म्हणून सांगणारे पुष्कळ आहेत आणि आपली मुले शिकतही आहेत. बी.कॉम. झालेली, इंजिनियर झालेली मुलेमुली आज आपल्या वस्तीत आहेत. म्हणून आम्ही त्यातला एक लहानसा विषय घेतला आहे. एम.बी.ए.ची लेखी परीक्षा चांगल्या गुणांनी पास झालेले आपले मूल पुढच्या खोलीत, म्हणजे गटचर्चेच्या आणि मुलाखतीच्या खोलीत का अडते, आणि ते अडू नये म्हणून आपण काय करायचे?

कुणी म्हणेल, मागावर उभा राहणारा माणूस एम.बी.ए.वर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. आम्ही कॉलेजची पायरी चढलो नाही. जे वाचले ते वाचनालयात आणि पाळी सुटल्यावर वाचले. पण कामगारांच्या कामासाठी मालकासमोर बसलो, लेबर ऑफिसात बसलो. चार माणसे प्रश्न विचारत असताना आपली बाजू कशी मांडायची, हे तिथे शिकलो. त्या जोरावर दर रविवारी संध्याकाळी विहाराच्या अभ्यासिकेत मुलांना समोर बसवून आम्ही प्रश्न विचारतो. त्यात जे दिसले तेच इथे सांगतो.

आधी आईवडिलांसाठी थोडी माहिती. एम.बी.ए.ला जायच्या वाटा मुख्यतः दोन. एक वाट राज्याच्या सीईटीची. १९६५ साली सुरू झालेली जमनालाल बजाज संस्था, १९८३ साली सुरू झालेली सिडनहॅमची व्यवस्थापन संस्था या मुंबईतल्या नावाजलेल्या संस्था या वाटेवर आहेत. इथे राज्याच्या प्रवेश फेऱ्यांत जागा मिळते ती सीईटीच्या गुणांवर. दुसरी वाट कॅट परीक्षेची. ही दरवर्षी नोव्हेंबरच्या सुमारास होते आणि तिच्यावर देशातल्या आयआयएम संस्थांचे प्रवेश होतात. आपल्या राज्यात नागपूरची आयआयएम २०१५ साली सुरू झाली. मुंबईत पवईची 'निटी' ही १९६३ सालची जुनी संस्था २०२३ साली आयआयएम मुंबई झाली. या वाटेवर लेखी परीक्षा म्हणजे नुसते दार. जानेवारीपासून पुढे मुलाखतीची बोलावणी येतात. पुष्कळ आयआयएमनी गटचर्चा बंद करून तिच्या जागी दिलेल्या विषयावर थोडक्या वेळात लिहायला लावण्याची पद्धत आणली. सिंबायोसिससारख्या काही संस्थांत मुलांना गटात बसवून पाहतात, लिहायला लावतात आणि मुलाखतही घेतात. सीईटीच्या वाटेने गेलेल्यांनीही निर्धास्त राहू नये. दोन वर्षांनी कंपन्या नोकरी द्यायला कॉलेजात येतात तेव्हा गटचर्चा आणि मुलाखत यांतूनच निवड करतात. ती खोली आज चुकली तर उद्या समोर येणारच.

आता गटचर्चा म्हणजे काय ते पाहू. आठ-दहा मुलांना गोल बसवतात, एक विषय देतात, विचाराला दोन मिनिटे आणि बोलायला पंधरा-वीस मिनिटे. परीक्षक बाजूला बसून लिहीत असतात, मध्ये बोलत नाहीत. आपल्या मुलांची समजूत अशी की जो जास्त बोलला तो जिंकला. हे खूळ आपल्याच सभांतून आले आहे. माईक हातात आला की आपला वक्ता तो सोडत नाही, हे तुम्ही सगळे जाणता! गटचर्चेत मत घेत नाहीत, कुणाला हरवायचे नसते. मुलाने नवा मुद्दा आणला का, दुसऱ्याचे ऐकून त्याला पुढे जोड दिली का, गप्प बसलेल्याला बोलायला जागा दिली का, आणि शेवटी सगळ्यांचे बोलणे एका ठिकाणी आणून ठेवले का, हे तिथे पाहतात. चर्चेचा मासळी बाजार झाला तर आपणही ओरडू नये. एखाद्याचा श्वास संपण्याची वाट पाहावी आणि म्हणावे, "यांचे बोलणे अर्धे राहिले, ते आधी ऐकू." तीन-चार वेळा, अर्धा-अर्धा मिनिट, पण मुद्द्याचे बोललेले पुरते.

मुद्दा आणायचा कुठून? आमचे म्हणणे असे की भिवंडीत राहणाऱ्या मुलाला मुद्दे शोधायला लांब जावे लागत नाही. समजा विषय आला, 'वीज वितरण खासगी कंपनीकडे द्यावे काय?' बाकीची मुले पुस्तकातली वाक्ये बोलतील. आपल्या गावात हे काम २००७ सालच्या जानेवारीत महावितरणकडून टोरंट पॉवर या कंपनीकडे फ्रँचायझी पद्धतीने गेले. देशातला या पद्धतीचा हा पहिला मोठा प्रयोग, व्यवस्थापनाचे जाणकार त्याचा अभ्यास करतात. पूर्वी गळती किती होती, ती किती खाली आली, आणि त्याच गावात लोक बिलांवरून मोर्चे का काढत होते, या दोन्ही बाजू ज्या मुलाला आकड्यांसह मांडता येतील, त्याचे बोलणे परीक्षक खाली मान घालून लिहून घेतील. पण त्यासाठी ते आकडे आधी शोधून वहीत लिहिलेले हवेत. गावात राहतो एवढ्याने माहिती येत नाही.

मुलाखतीचेही तसेच. दोन-तीन प्राध्यापक समोर असतात आणि पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : तुमच्याबद्दल सांगा. इथेच आपले मूल अडखळते. गेल्या वर्षी अभ्यासिकेत एका हुशार मुलाला आम्ही हा प्रश्न विचारला. वडील काय करतात? तो म्हणाला, "टेक्स्टाईल लाईनमध्ये आहेत." आम्ही त्याच्या वडिलांना चांगले ओळखतो, आमच्या शेजारच्या कारखान्यात ते माग चालवतात. आम्ही विचारले, लाईन म्हणजे काय? माग किती आहेत? माल कुणाला विकता? पोरगा घामाघूम झाला. आम्हाला राग आला नाही, वाईट वाटले. कारण बारा-बारा तास उभे राहून ज्या कामाने त्याची फी भरली, ते काम त्याला त्या खोलीत सांगण्यासारखे वाटले नाही. आणि व्यवहारही चुकला. लपवलेल्या गोष्टीवर पुढचा प्रश्न आला की उत्तर नसते.

आम्ही त्याला म्हटले, आठवडाभर रोज दोन तास वडिलांजवळ जाऊन उभा राहा आणि वही ने. तो गेला. पुढच्या रविवारी आला तेव्हा त्याला पुष्कळ कळले होते. सूत व्यापाऱ्याचे, माग मालकाचा, आणि मजुरी मीटरवर. सायझिंगहून बीम येते तेव्हा पैसा कुणाचा अडकलेला असतो. सुताचा भाव आठवड्यात हलला तर जॉबवर विणणाऱ्या छोट्या मालकाच्या हातात काय उरते. धोट्याचे जुने माग भंगारात का जातात आणि रेपिअर, एअरजेट माग कोण घेऊ शकतो. २०१६ ची नोटबंदी, २०१७ चा जीएसटी आणि २०२० चे लॉकडाऊन या तिन्हींत कारखाना किती दिवस बंद होता. अहो, व्यवस्थापन म्हणजे दुसरे काय आहे? कच्चा माल, मजूर, यंत्र, उधारी आणि बाजार, हेच तिथे दोन वर्षे शिकवतात. आपल्या मुलांनी ते घरात जेवताना ऐकलेले असते, फक्त ते शब्दांत मांडलेले नसते.

गोदामात हमाली करणाऱ्यांच्या, टेम्पो चालवणाऱ्यांच्या मुलांनाही हेच लागू. मानकोली, अंजूर फाटा भागात एवढी गोदामे का उभी राहिली? मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेरची जागा, जमीन त्या मानाने स्वस्त, आग्रा रोड जवळ, आणि १९८९ साली सुरू झालेले न्हावा शेवा बंदर हाताशी. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, तरी गोदामे गेली नाहीत, उलट ऑनलाईन विक्रीचा माल वाढला. असे का झाले, याचे उत्तर जो देईल त्याला पुढचे प्रश्न प्राध्यापक आपुलकीने विचारतील.

इंग्रजीची भीती मोठी आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. मुलाखत इंग्रजीत होते. पण तिथे साहेबासारखा उच्चार कुणी मागत नाही. लहान वाक्य बोला, सरळ बोला. प्रश्न समजला नाही तर पुन्हा विचारा. येत नसेल तर "मला माहीत नाही" म्हणा, त्यात कमीपणा नाही. रोज एक मराठी अग्रलेख वाचा, त्याच विषयावरचा इंग्रजी लेख वाचा, आणि दोन्हींचा सार पाच वाक्यांत मोठ्याने बोला. मोबाइलवर रेकॉर्ड करून स्वतःचे बोलणे ऐका. पहिल्या दिवशी लाज वाटेल, महिन्याने वाटणार नाही. आणि कर्ज काढून कोट शिवू नका. स्वच्छ इस्त्रीचे कपडे पुरतात.

एक प्रश्न आपल्या मुलांना हमखास बोचतो. समोरचा विचारतो, आरक्षणाबद्दल तुमचे मत काय? इथे काही मुले चिडतात, काही खाली मान घालतात. दोन्ही नको. केंद्राच्या संस्थांत अनुसूचित जातींना १५ टक्के, जमातींना साडेसात टक्के, इतर मागासवर्गीयांना २७ टक्के आणि आर्थिक दुर्बलांना १० टक्के जागा आहेत, हे पाठ हवे. बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांना केंद्राच्या सवलती मिळायला १९९० सालची दुरुस्ती यावी लागली, हेही ठाऊक हवे. मग शांतपणे सांगावे की जागा राखीव असली तरी परीक्षा मी दिली आहे, मुलाखतही देतो आहे, आणि पुढे तोच अभ्यासक्रम तेच पेपर देऊन पुरा करायचा आहे. मत मांडावे, उपकार मागू नयेत, भांडूही नये.

कागदपत्रांचे आईवडिलांनी पाहावे. राज्याचा जातीचा दाखला वेगळा आणि केंद्राच्या नमुन्यातला वेगळा. राज्याच्या प्रवेशाला जात पडताळणी लागते. हे सगळे अर्ज भरण्याआधी, वर्षभर अगोदर करून ठेवावे. कॅटला अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना शुल्क निम्मे आहे आणि पदवीला ४५ टक्के गुण चालतात. आयआयएमसारख्या संस्थांच्या फीसाठी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना केंद्राची 'टॉप क्लास' शिष्यवृत्ती आहे. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ८ लाख, आणि जागा ठरावीक. तेव्हा फीचा आकडा ऐकून आधीच पोरीला "नको" म्हणू नका. हो, पोरीला म्हणतो, कारण मुलाखतीचे पत्र आले की मुलाला गाडीभाडे मिळते आणि मुलीला "एकटी कशी जाशील" हे ऐकावे लागते. सोबत जायला माणूस नसेल तर समितीला सांगा, महिला मंडळ सोबत देईल.

शेवटी एक आठवण करून देतो. बाबासाहेब १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. २७ जानेवारी १९१९ रोजी त्यांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. पुढे २३ ऑक्टोबर १९२८ रोजी पुण्यात सायमन कमिशनपुढे साक्ष दिली. प्रश्नांवर प्रश्न विचारणारे समोर आणि उत्तर देणारा एक, म्हणजे मुलाखतच ती. दोन्ही वेळी त्यांनी आपले निवेदन आधी लेखी दिलेले होते. आधी लिहिले, मग बोलले. आपण बाबासाहेबांचा फोटो घरात लावतो, पण त्यांची ही सवय मुलांच्या हातात देत नाही.

म्हणून आमची विनंती एवढीच. क्लासची फी ज्यांना झेपते त्यांनी खुशाल भरावी. पण या सरावाला आठ खुर्च्या, एक घड्याळ आणि प्रश्न विचारणारी दोन वडीलधारी माणसे पुरतात, आणि हे सगळे विहारात आहे. दर रविवारी संध्याकाळी सहा वाजता मुलांना पाठवा. येताना त्यांनी एक वही आणावी आणि तिच्या पहिल्या पानावर आपल्या आईचे आणि वडिलांचे काम, जसे आहे तसे, दहा ओळींत लिहून आणावे. आम्ही पहिला प्रश्न त्यावरच विचारणार आहोत.