विलायतेतील पदवी आणि आपला हिशेब
(गुणगौरव समारंभातील भाषण)



आपल्या ज्ञातीतील मुले आता शिक्षणासाठी विलायतेस जातात आणि त्यापायी कित्येकांची घरे गहाण पडतात. म्हणून तेथील निकालांविषयी दोन शब्द बोलण्याची अनुज्ञा घेतो.

ब्रिटनमध्ये पदवी परीक्षेत साधारणतः शेकडा ७० गुणांस प्रथम श्रेणी व ६० गुणांस उच्च द्वितीय श्रेणी मिळते. आपल्याकडे ६० गुणांस प्रथम वर्ग म्हणण्याची रीत. त्यामुळे मुलाचे ६५ गुण पाहून कष्टी होणारे पालक त्याच्यावर अन्याय करतात.

या वरच्या दोन श्रेणी मिळविणाऱ्यांचे प्रमाण परदेशी विद्यार्थ्यांत स्थानिकांपेक्षा एकंदरीने कमी आढळले आहे. परंतु त्यावरून परदेशी मुले बुद्धीने उणी ठरविणे हा अर्धवट हिशेब होय. गणितात प्रथम श्रेणी सढळ हाताने मिळते, कायद्यात हात आखडता असतो. दोन्ही गटांची विषयवार विभागणीही सारखी नसते. परदेशी विद्यार्थ्यांचा ओढा व्यवसाय-व्यवस्थापनाकडे विशेष. तेव्हा गणिताशी गणित आणि कायद्याशी कायदा ताडून पाहावा. त्यानंतरही अंतर उरले, तर भाषेकडे लक्ष द्यावे. दीर्घ निबंधांच्या विषयांत परभाषेचा भार जड होतो, सूत्रांच्या विषयांत तो हलका असतो.

माझी नम्र सूचना अशी की, शिष्यवृत्ती देताना मंडळाने केवळ विद्यापीठाचे नाव न पाहता त्या विषयाचा निकाल पाहावा, आणि निवडलेल्या विद्यार्थ्याकडून प्रस्थानापूर्वी सहा महिने इंग्रजी निबंधलेखन करून घ्यावे. कर्ज फेडण्यास वर्षे लागतात. चौकशीस चार दिवस पुरतात.