सेवेची पहिली पायरी

१ सप्टेंबर १९३८ रोजी राष्ट्रसभेने पाठविलेले पाच डॉक्टर मुंबईहून बोटीने युद्धग्रस्त चीनकडे निघाले. नागपूरचे डॉ. चोळकर व सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस त्यांत होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी कोटणीसांना तेथेच आलेल्या अकाली मृत्यूचे स्मरण आपण करतो; त्यांच्या आरंभीच्या दिवसांकडे मात्र दुर्लक्ष करतो.

सप्टेंबरात पथक कँटनला उतरले. ऑक्टोबर संपण्यापूर्वी कँटन व हँको ही दोन्ही शहरे जपान्यांच्या हाती गेली. पथकाला चुंगकिंगपर्यंत मागे सरकावे लागले. येनान गाठेपर्यंत फेब्रुवारी १९३९ उजाडला. दरम्यान पाचही जणांनी चिनी नावे घेतली आणि प्रत्येक नावाला चीनवाचक ‘हुआ’ जोडले. कोटणीस ‘को दिहुआ’ झाले. पुढे चिनी भाषाही त्यांनी आत्मसात केली.

मदतीचा हिशेब आपण पैशांत आणि औषधांच्या पेट्यांत मांडतो. परंतु ज्याची भाषा येत नाही, त्याचे दुखणे तरी कसे कळणार? परदेशी असो वा आदिवासी पाड्यावर, जो दाता म्हणून जातो तो परकाच राहतो. जो विद्यार्थी म्हणून जातो, त्यालाच लोक आपला मानतात. कार्यकर्त्यांनी हे विसरू नये.