मांडीवरचं नातवंड आणि न्यूटनचे नियम
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय 'काहीही' असा दिला आहे. आयुष्यभर मुलांना भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला 'काहीही' म्हटलं, की तो बल आणि गतीवरच येणार. घाबरू नका, शेवटी परीक्षा नाही! पण मैदानात लागलेल्या गाड्यांची रांग पाहिली आणि वाटलं, हे नियम आता मुलांपेक्षा आपल्याच जास्त कामाचे आहेत.

ढकलत राहिलं तरच वस्तू चालते, असं अॅरिस्टॉटल मानत असे. आपल्यालाही तसंच वाटतं, कारण हातगाडी तशीच वागते. गॅलिलिओने उतारावरून गोळे सोडून पाहिले आणि ओळखलं, की वस्तू आपणहून थांबत नाही, तिला काहीतरी थांबवतं. कॅरमवर पावडर टाकली की सोंगटी लांब जाते. पावडर तिला जोर देत नाही, फक्त तिला अडवणारं घर्षण कमी करते. न्यूटनने १६८७ साली 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात जे तीन नियम मांडले, त्यातला पहिला हाच, जडत्वाचा. एसटीने करकचून ब्रेक मारला की आपण 'पुढे फेकलो गेलो' म्हणतो. खरं तर कोणी फेकत नाही. गाडी थांबते आणि आपण मात्र आधीच्याच वेगाने पुढे जात राहतो.

दुसरा नियम सर्वांना पाठ आहे : बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. आता हिशेब करू. गाडीचा वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर. मांडीवर १० किलोचं नातवंड. गाडी आदळून ०.१ सेकंदात थांबली, तर त्या बाळाला थांबवायला १००० न्यूटन बल लागेल. म्हणजे साधारण १०० किलोचं पोतं हातांनी पेलायला लागतं तेवढं, आणि तेही अचानक. आजीची माया कितीही घट्ट असली, तरी तिच्या हातांना हे जमणार नाही.

याच नियमाची दुसरी बाजू क्रिकेटमध्ये दिसते. झेल घेताना आपण हात मागे घेतो. चेंडू थांबायला वेळ जास्त मिळतो, म्हणून बल कमी लागतं. हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा थर डोक्यासाठी हेच काम करतो. अर्थात पट्टा लावला असेल तरच. आरशाला अडकवलेलं हेल्मेट फक्त आरशाचं रक्षण करतं.

तिसरा नियम क्रिया-प्रतिक्रियेचा. चाक रस्त्याला मागे ढकलतं, म्हणून रस्ता गाडीला पुढे ढकलतो. ब्रेक लावल्यावर गाडीला थांबवणारं बलही टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणातूनच येतं. म्हणून रस्ता ओला आणि टायर गुळगुळीत असेल, तर ब्रेक कितीही नवे असोत, गाडी घसरतच जाते.

शेवटचा हिशेब. दर सेकंदाला वेग ५ मीटर प्रतिसेकंदाने कमी होतो असं धरू. ताशी ३६ किलोमीटरला ब्रेक लागल्यापासून गाडी १० मीटरमध्ये थांबते. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ७२ केला, तर २० मीटर लागत नाहीत, ४० लागतात. तिप्पट केला, तर ९०. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट होतं. शिवाय पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागला, तर तेवढ्यात गाडी अनुक्रमे १०, २० आणि ३० मीटर पुढे गेलेली असते. वय वाढलं की हा सेकंद लांबतो, हेही आता मान्य करायला हवं.

म्हणून विनंती एवढीच. नातवंडाला मागच्या सीटवर, त्याच्या मापाच्या आसनात बसवा. आपण मागे बसलो तरी पट्टा लावा. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा. न्यूटनचे नियम मोडले म्हणून कोणी दंड करत नाही, कारण ते कोणालाच मोडता येत नाहीत.

पुढच्या मेळाव्यात हजेरी घेतली जाईल तेव्हा प्रत्येक नावापुढे 'हजर' ऐकू यावं, ही इच्छा व्यक्त करून मी थांबतो.