ओळखपत्रासाठी मण्यांची माळ

(मंडळाच्या हस्तकला वर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सरकारी नोकरीत टिपणी लिहिण्याची सवय होते, उभे राहून बोलण्याची होत नाही. त्यामुळे चुकल्यास सांभाळून घ्यावे. यंदा चवथीला आपल्या स्वयंसेवकांच्या गळ्यात बाजारातल्या रिबिनीऐवजी घरी केलेली मण्यांची माळ असावी, असे समितीत ठरले. सुर्ल्यात आमच्या घरी अशा माळा होतात ही बातमी कुणीतरी इथपर्यंत पोचवली आणि आम्हाला बोलावणे आले. ‘आम्ही’ म्हणजे आमचे घर. आई, पत्नी, शाळेत जाणारी मुलगी, आणि कात्री-पक्कड धरायला आम्ही. मण्यांची कला आमच्या हातात नाही. आमचे शिक्षण मेकॅनिकलच्या डिप्लोमापर्यंत. पण या माळेत थोडे यंत्राचेही काम आहे, म्हणून बोलण्याचे धाडस करतो.

या वस्तूला इंग्रजीत लॅनयार्ड म्हणतात. आपण आयकार्डची दोरी म्हणतो. मूळची ही खलाशांची. डोलकाठीवर चढताना चाकू किंवा शिट्टी हातातून निसटून पाण्यात पडू नये म्हणून ते ती दोरीने अंगाला बांधून ठेवत. पुढे ती सैन्यात गेली आणि तिथून कचेरीत आली. आमच्या बाजूला ती खाणींबरोबर आली म्हटले तरी चालेल. एके काळी सकाळी रस्त्यावर उभे राहिले की ट्रकवाल्याच्या, मशीनवाल्याच्या, सुपरवायझरच्या गळ्यात कार्ड लोंबत असायचे. २०१२ च्या सप्टेंबरात राज्यातल्या खाणी थांबल्या, पुन्हा थोड्या चालल्या, आणि २०१८ च्या मार्चमध्ये परत बंद झाल्या. ती कार्डे कपाटांच्या आतल्या खिळ्यांना गेली. काही घरांत अजून तिथेच आहेत. मालक टाकत नाही आणि घरातले कुणी काढ म्हणत नाहीत. गळ्यातल्या दोरीला लोक उगाच मान देत नाहीत, एवढ्यासाठी हे सांगितले.

आता मूळ गोष्ट.

काही वर्षांपूर्वी एका पंपघरात आम्ही ड्युटीवर होतो. बरोबर एक वडीलधारे सहकारी. आम्ही त्यांना दादा म्हणतो. पंपाच्या ग्लँडमधून पाणी गळत होते, म्हणून शाफ्टवरची जाळी काढून ठेवली होती. ती परत बसवायच्या आधीच पंप सुरू झाला. दादा वाकून बघायला गेले. गळ्यात कार्डाची रिबीन, चपटी, निळी, आपल्या सगळ्यांच्या गळ्यात असते तीच. ती पुढे झोकली आणि शाफ्टला लागली.

मोटर मिनिटाला साधारण १४५० फेरे घेणारी होती, म्हणजे सेकंदाला २४. पाच सेंटिमीटर जाडीच्या शाफ्टचा घेर सुमारे १६ सेंटिमीटर. हिशेब केला तर सेकंदाला पावणेचार मीटर दोरी गुंडाळली जाते, आणि आपल्या गळ्यातली दोरी छातीपर्यंत ४५ सेंटिमीटर. सेकंदाचा आठवा भाग. एवढ्यात माणूस ‘अरे’सुद्धा म्हणत नाही. आम्ही स्विचकडे धावलो हे खरे, पण आमच्या धावण्याने काही झाले नाही. रिबिनीच्या जोडावरची पत्र्याची चिमटी हलक्या प्रतीची होती, ती उघडली आणि रिबीन गळ्यातून निघून गेली. दादांच्या मानेवर लाल पट्टा उठला, तो कित्येक दिवस दिसत होता. कार्डाचे तुकडे आम्ही दुसऱ्या दिवशी झाडून काढले.

म्हणजे कंत्राटदाराने माल निकृष्ट दिला म्हणून माणूस वाचला. चांगला माल आला असता तर काय झाले असते, हे त्या रात्री आम्ही घरी जेवताना बोललो नाही. पुढे वरून परिपत्रक आले, की ओळखपत्र दर्शनी भागी लावणे सर्वांना बंधनकारक आहे. जाळीबद्दल त्यात एक ओळही नव्हती.

आता आईकडे येतो. आमची आई पूर्वीपासून वाड्यातल्या बायकांच्या काळ्या मण्यांच्या पोती ओवून देते. कुणाचा दोरा जीर्ण झाला की ती बाई सुपारी आणि मणी पदरात बांधून आमच्या ओसरीवर येते. मंगळसूत्र तुटले असे आपल्यात म्हणत नाहीत, वाढले म्हणतात. बांगडीही वाढते. शब्दसुद्धा उच्चारायचा नाही इतकी ज्याची धास्ती, ते होऊ नये म्हणून आईने सगळे आयुष्य दोऱ्याला मेण चोळले. अशा बाईला आम्ही पंपघरातली हकीकत सांगितली आणि म्हणालो, “आई, आम्हाला मण्यांची अशी माळ करून दे, जी ओढली की तुटेल.”

तिने चष्म्यावरून बघितले. “तुटावं म्हणून कुणी मणी ओवतं का रे?”

दोन दिवस तो विषय निघाला नाही. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, “दोरा तुटायचा नाही. माझ्या हातून ते व्हायचं नाही. पण माळेला दार ठेवता येईल की.”

माळेला दार! आम्ही तीन वर्षे डिप्लोमा केला. फ्यूज, शिअर पिन, सेफ्टी व्हॉल्व्ह सगळे पाठ केले. यंत्रात मुद्दाम एक जागा कच्ची ठेवतात, म्हणजे बाकीचे वाचते. पण कच्ची जागा दोऱ्यात नको, वेगळी ठेवा, हे आईने ओसरीवर बसून सांगितले. दोरा तुटला तर दोनशे मणी जमिनीवर घरंगळतात, आणि पंपघराच्या ओल्या फरशीवर मणी म्हणजे दुसऱ्या अपघाताचे निमंत्रण. दार उघडले तर माळ जशीच्या तशी हातात येते.

तर ती कशी करायची ते सांगतो. मुलांनी इकडे लक्ष द्यावे.

माळ एक सर नसते, डावा आणि उजवा असे दोन सर असतात. खाली ते एकत्र येतात, तिथे कार्डाचा आकडा. वर मानेमागे ते एकमेकांना जोडलेले नसतात, तिथे प्लास्टिकची छोटी चाप, ओढ बसली की आपोआप सुटणारी. हेच आईचे दार. चाप पुढे छातीवर लावून चालत नाही. पुढे लावली आणि त्याच्या वरचा भाग कशात अडकला, तर मानेभोवतीचा वेढा तसाच राहतो.

एका सराला दीड मीटर दोरा. तो मधोमध दुमडायचा. दुमडीचा फास चापेच्या कडीतून घालून दोन्ही टोके त्या फासातून ओढून घ्यायची. म्हणजे मानेजवळ गाठ येतच नाही, त्वचेला टोचत नाही. मग दोन्ही पदरांत मिळून मणी ओवायचे. सर ४५ सेंटिमीटर झाला की थांबायचे. उंच माणसाला थोडे जास्त, मुलांना पुष्कळ कमी.

दोरा कुठला? तंगूस घेऊ नका. गरीला ठीक, पण त्यावर गाठ घसरते आणि उन्हात तो कडक होतो. आत पोलादी तार असलेला दोरा दुकानदार मजबूत म्हणून पुढे करतो, तो तर मुळीच नको. नायलॉनचा पिळाचा दोरा, त्याला मेण. मेण टोकाला जरा जास्त चोळून बोटांत वळले की टोक सुईसारखे ताठ होते. आईच्या डोळ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे. ती सुई वापरतच नाही, अशीच ओवते.

दर पाच मण्यांनंतर एक गाठ. निरगाठ, सुरगाठ नव्हे. घरात माटोळी बांधणाऱ्यांना हे सांगायला नको. केवणीच्या सालीची गाठ सैल राहिली तर आरतीच्या वेळी नारळ कुणाच्या डोक्यावर येईल हे गणपतीच जाणे. इथे गाठीचा उपयोग असा की एखादा दोरा झिजून गेलाच, तर पाचच मणी पडतील. शेवटी दोन्ही सरांची चारही टोके एका मोठ्या मण्यातून काढून आकड्याच्या कडीला बांधायची, उरलेला दोरा चार-पाच मण्यांतून उलटा वर न्यायचा आणि मग कापायचा. गाठीला लागून कापला तर आठवड्यात सुटतो. आमची पहिली माळ अशीच सुटली. चूक आमची होती, नाव मुलीवर गेले.

मणी कुठले हा बायकांचा आवडता प्रश्न, आणि इथे आमच्या घरात एकमत नाही. मुलीला काचेचे रंगीत हवे असतात, ते म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पाकिटाने मिळतात. चार मिलिमीटरचे घेतले तर दोन्ही सरांना मिळून सव्वादोनशे लागतात. आठ मिलिमीटरचे गोल काचेचे दिसायला छान, पण तेवढ्या लांबीला त्यांचे वजन सहा तोळ्यांच्या आसपास जाते. लग्नात एक दिवस ठीक, रोज आठ तास मानेवर नको. मणी घेताना भोकाची कड बघावी. दोऱ्याचा तुकडा घालून दहा वेळा मागेपुढे ओढायचा, धागे निघाले तर ते पाकीट परत. आई मणी सुपात घेऊन तांदूळ निवडावे तसे निवडते. आम्ही हसलो होतो, आता हसत नाही.

तिचे स्वतःचे मत मात्र कसईच्या बाजूने. पाणथळ जागी, ओहोळाच्या कडेला हे उंच गवत वाढते. त्याचे दाणे राखाडी, गुळगुळीत, काचेसारखे कडक, आणि त्यांना निसर्गानेच आरपार भोक ठेवलेले असते. आतला भुसा काडीने काढला की दोरा जातो. वजन नाही, पैसे नाहीत. चकाकी वापरून वाढते. मधे मधे लाल मणी घातले की फारच शोभते. फक्त ते लाल म्हणून गुंजा घालू नका. सोनार पूर्वी गुंजेने सोने तोलत, आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. तिचे कवच शाबूत असते तोवर ती गरीब. पण भोक पाडायला कवच फोडले की आतले विष जबरदस्त असते. मुलांच्या हातात ती देऊच नये. आणि ज्यांच्या घरी रांगते मूल आहे त्यांनी ओवायचे काम रात्री मूल झोपल्यावर करावे, कुठलाही मणी त्याच्या घशात जाऊ शकतो.

आता परीक्षा. हा भाग आमचा, म्हणून थोडा लांबवतो. चाप विकत आणली म्हणजे ती सुटेलच असे नाही. माळ दाराच्या कडीला अडकवायची, खाली कापडी पिशवी, आणि तिच्यात एक-एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या ठेवत जायचे. एक बाटली म्हणजे एक किलो. कार्ड, त्याचे पाकीट, एखादी किल्ली धरून पाव किलोही भरत नाही, तेव्हा पहिल्या बाटलीला ती सुटता कामा नये. तिसऱ्या-चौथ्या बाटलीला सुटली तर उत्तम. आम्ही आणलेल्या पाचांपैकी दोन चापा सात बाटल्यांनीही सुटल्या नाहीत. माणसाचे नुसते डोके चार-पाच किलो असते. सात किलोला न सुटणारी चाप काय कामाची? त्या दोन आम्ही फेकून दिल्या. पत्नी म्हणाली दप्तराला लावू, पण नको म्हटले. उद्या कुणीतरी चुकून माळेला लावील.

हे सगळे पंपघरापुरते आहे असे समजू नका. मंडपामागे आपला जनरेटर असतो, त्याचा पंखा आणि पट्टा उघडा असतो. विसर्जनाला गणपती ट्रकवर चढवताना स्वयंसेवक वाकतात, खांबाला गळ्यातले अडकते. तेव्हा माळ हवी ती दार असलेलीच. आणि ज्यांची ड्युटी जनरेटरजवळ आहे त्यांनी तीसुद्धा काढून कार्ड खिशात ठेवावे, समितीने रागावू नये.

तयार झालेली पहिली चांगली माळ आम्ही दादांना नेऊन दिली. त्या प्रसंगानंतर ते कार्ड खिशातच ठेवत, साहेब आले की हातात धरून दाखवत. त्यांनी माळ उलटसुलट करून बघितली, कसईचे दाणे ओळखले, आणि मागची चाप ओढली. सुटली. लावली, परत ओढली. परत सुटली. असे चार-पाच वेळा झाले. मग गळ्यात घातली आणि चहा मागवला. निवृत्तीच्या दिवशी कार्ड जमा केले, माळ घरी नेली.

टेबलावर चाळीस माळांचे दोरे कापून ठेवले आहेत. चापा सगळ्या बाटल्या लावून तपासलेल्या आहेत. मुलांनी हात पुसून यावे, मेणाला धूळ चिकटते. आमची आई त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली आहे, गाठी तिला दाखवाव्यात. सैल दिसली तर ती न विचारता सोडून टाकते. कुणी वाईट वाटून घेऊ नये, आमच्याही सोडते.