कवायतीची भाषा

(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



सभागृहात येताना नववीतल्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, तुमच्या कामात इंग्रजी किती लागते?" प्रश्न इंग्रजीचा नव्हता. आपल्याला हे जमेल का, असे त्याला विचारायचे होते. त्याचे उत्तर बेंगळुरूजवळच्या येलहंक्यात, माझ्या घरी झालेल्या एका फजितीतून देतो.

आपल्या मैदानावर कवायतीचे शिक्षक प्रत्येकाच्या कानात वेगळी आज्ञा सांगत नसत. 'दाहिने मूड' म्हटले की सारी रांग वळे. ग्राफिक्स प्रोसेसर असाच चालतो. एनव्हिडियाच्या रचनेत ३२ धाग्यांची तुकडी एका वेळी एकच आज्ञा पाळते. निम्म्यांनी डावीकडे आणि निम्म्यांनी उजवीकडे वळायचे ठरले, तर आधी एक गट वळतो, दुसरा तोवर उभा राहतो. २००७ साली आलेल्या कूडामध्ये कार्यक्रम लिहिणाऱ्याला एकेका धाग्याचा विचार करावा लागतो. हार्वर्ड विद्यापीठातील फिलिप टिले यांनी एच. टी. कुंग व डेव्हिड कॉक्स यांच्यासह २०१९ मध्ये वेगळी वाट मांडली: माणसाने आकड्यांच्या अख्ख्या ठोकळ्याविषयी बोलावे आणि धाग्यांची वाटणी कंपायलरने करावी. तीच 'ट्रायटन' भाषा. २०२१ च्या जुलैत ओपनएआयने तिची पहिली आवृत्ती खुली केली. पायथॉनच्या पोशाखातल्या या भाषेत सारण्यांचा वेगवान गुणाकार पंचवीसेक ओळींत बसतो.

ही भाषा तयार रूपात घ्यायची तर एक आज्ञा पुरते. मला मात्र तिच्या कंपायलरच्या पोटात काय चालते ते पाहायचे होते, म्हणून मूळ संहितेपासून ती बांधायला घेतली. वास्तविक ही इमारत दुसऱ्यांच्या पायावर उभी आहे. लिहिलेला कार्यक्रम एकामागून एक मधली रूपे घेत एलएलव्हीएमच्या रूपात येतो, तेथून पीटीएक्समध्ये आणि अखेर यंत्राच्या आज्ञांमध्ये उतरतो. एलएलव्हीएमचा आरंभ २००० साली इलिनॉय विद्यापीठात झाला. मधली रूपे ज्या एमएलआयआर या चौकटीत लिहिली जातात, तिच्या प्रारंभीच्या रचनाकारांत बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील उदय बोंधुगुला आहेत. हे नाव वाचून मला उगाचच शेजारधर्माचा अभिमान वाटला होता!

पहिली चूक सर्वस्वी माझी. ट्रायटनची प्रत्येक आवृत्ती एलएलव्हीएमच्या एका ठरावीक टप्प्याशी बांधलेली असते, आणि त्या टप्प्याची खूण संहितेतल्याच एका छोट्या फाइलीत लिहिलेली असते. ती न पाहता मी घरी आधीच असलेले एलएलव्हीएम पुढे केले. शेकडो चुका उमटल्या. मी शेवटच्या चुकीपासून वर वाचत गेलो. वाचायला हवे होते पहिल्या चुकीपासून, कारण उरलेल्या बहुतेक तिचीच लेकरे होती.

ते सुधारले, तर मध्यरात्री बांधणी पुन्हा थांबली. या वेळी कारण म्हणून एकच शब्द: 'किल्ड'. दोन दिवस मी संहितेत दोष शोधला. दोष तेथे नव्हताच. बांधणी एकाच वेळी अनेक फाइलींचे भाषांतर सुरू करते, आणि सी प्लस प्लसची एकेक फाइल भरपूर स्मृती खाते. माझ्या यंत्राची १६ जीबी संपली, तेव्हा कार्यप्रणालीने यंत्र वाचवण्यासाठी त्यातले एक काम मारले. 'मॅक्स जॉब्ज' या चलाची किंमत २ ठेवली. एका वेळी दोनच कामे. बांधणी फार वेळ चालली, पण पूर्ण झाली. पहाटे हवाई दलाच्या तळावरून विमाने उठू लागली तेव्हा मी अजून पडद्यापुढेच होतो.

आता त्या विद्यार्थ्याकडे वळतो. 'किल्ड' या शब्दाचा अर्थ मला ठाऊक होता; माझे दोन दिवस गेले ते स्मृती कशी वापरली जाते याचा विचार न केल्याने. इंग्रजी मुळीच लागत नाही असे मी म्हणणार नाही, ते खोटे ठरेल. दस्तऐवज इंग्रजीत आहेत आणि मी पहिली काही वर्षे ते शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. पण तुकडी, रांग, हातचा, पाढ्यांचा तक्ता ही सारी समज मला याच वर्गांत मराठीतून मिळाली, आणि ट्रायटनचा ठोकळा मला कळला तो तिच्याच आधारे.

पालकांपैकी काहींनी विचारले की महागड्या प्रोसेसरशिवाय हे शिकता येईल का. येईल. 'ट्रायटन इंटरप्रेट' या चलाची किंमत १ केली की तोच कार्यक्रम साध्या प्रोसेसरवर चालतो. अतिशय मंद चालतो, पण उत्तर तपासता येते आणि मध्येच थांबवून प्रत्येक ठोकळ्यात काय आहे ते छापून पाहता येते. यंत्रावर लिनक्स मात्र हवे. दोन सारण्यांच्या बेरजेचा एक कार्यक्रम, ओळीओळीला मराठी टिपा लिहून, मी आज संगणक कक्षाच्या शिक्षकांकडे दिला आहे. त्यात एक चूक मुद्दाम ठेवली आहे: सारणीची लांबी ठोकळ्याच्या पटीत नसेल तर शेवटचा ठोकळा काठाबाहेर वाचतो. नववीच्या वर्गाने ती शोधून मला कळवावी.